चालू टर्बो इंजिनाचे हेड स्टड हंगामाच्या तोंडावर काढायचे का? (ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर, कोल्हापूर)

फडकरी_करवीर

रामराम मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील.

ट्रॅक्टर चार सिलिंडर, कंपनीतूनच टर्बो, पन्नाशीच्या वरचा एचपी. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर धागा इथूनच ब्रँडच्या भांडणात जाईल. गेल्या वर्षी सेकंडहँड घेतला आणि अख्खा हंगाम दोन ट्रॉल्या ओढल्या. तक्रार काही नाही. रेडिएटरचं पाणी कमी होत नाही, ऑइल दुधाळ नाही, सकाळी अर्ध्या सेल्फला चालू. भरल्या ट्रॉलीला चढावर काळा धूर मारतो, पण ओढतो मात्र नाद खुळा.

परवा टॅपेट करायला (व्हॉल्व्हची फट लावायला) वरचं झाकण उघडलं. फिटरनं बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला, "हे स्टड कंपनीचे नव्हंत." स्टड म्हणजे हेड ब्लॉकला आवळून धरणारे आटेदार दांडे. आधीच्या मालकाला फोन लावला. त्यांचं म्हणणं, मागं एकदा गरम होऊन हेड उतरवावं लागलं, त्यात दोन स्टड ब्लॉकमध्येच तुटले, मग सगळेच उद्यमनगरात लेथवर करून घेतले. कुठल्या मटेरिअलचे, किती टॉर्क दिला, त्यांना काही आठवत नाही. एका नटाच्या बुडाशी ओलसरपणाही दिसतोय, ऑइलचा की कशाचा कळत नाही.

आता फिटर म्हणतो दिवाळीच्या आत हेड उतरवू, सगळे स्टड नवीन, गॅस्केट नवीन. दुसरा एक मिस्त्री म्हणतो हेड उतरवायची गरजच नाही, एकेक स्टड काढायचा, एकेक घालायचा, अर्ध्या दिवसात मोकळा. आणि आमचे आबा म्हणतात चालत्या इंजिनाला जो हात लावेल त्याला घरात जेवायला मिळणार नाही.

टोळीला उचल देऊन झालीय. हंगामात ट्रॅक्टर उभा राहिला तर तोडलेला ऊस फडात वाळणार. काय करावं?

पांढरा_रस्सा

आबांचं ऐक. विषय संपला.

लेथवाला_उद्यमनगर

विषय संपला कसा? स्टड लेथवरचा म्हणजे वाईटच असं नाही, आणि कंपनीचा म्हणजे चांगलाच असंही नाही. मी स्वतः हेच काम करतो म्हणून बाजू घेतोय असं समजू नका.

आधी मला स्टडच्या वरच्या टोकाचा फोटो टाक. नटाच्या वर दोन-तीन आटे बाहेर आलेले असतील. टोकाच्या मधोमध बारीक खड्डा दिसतो का बघ, सेंटर ड्रिलचा. असला तर तो दोन सेंटरमध्ये धरून फिरवलेला पीस आहे. बाजारचा ग्रेडवाला स्टड असेल तर टोकावर बहुधा ८.८ किंवा १०.९ असा ताकदीचा ग्रेड उठवलेला असतो.

दुसरं, कानस घे. बारीक दातांची, नवी. स्टडच्या टोकाच्या कडेला हलकी फिरव आणि तीच कानस एका ८.८ च्या बोल्टवर फिरव. साध्या एमएसवर (माइल्ड स्टील) ती लोण्यासारखी चालते. ईएन २४ (मिश्र पोलाद) हार्डन-टेंपर केलेला असेल तर कानस लागेल, पण हाताला घट्ट लागेल. हे काही लॅबचं रिपोर्ट नाही, पण एमएसचा गज आणि ईएन २४ यातला फरक माझ्याकडचा नवा पोरगासुद्धा आठवड्यात ओळखायला लागतो.

काम चांगल्या माणसानं केलं असेल तर ईएन १९ किंवा ईएन २४ चा बार घेऊन, आधी हीट ट्रीटमेंट करून, मग आटे पाडलेले असतील. कंपनीचा स्टड मात्र आटे दाबून केलेला असतो, थ्रेड रोलिंग. त्यात धातू कापला जात नाही, आट्याच्या मुळाशी दाबला जातो, म्हणून हजारो हिसके सोसण्यात तो पुढे असतो. लेथवर कापलेल्या आट्याच्या मुळाशी टूलची खूण राहते आणि तडा गेला तर तिथून जातो. हे माझं माझ्याच धंद्याविरुद्धचं मत आहे, पण खरं आहे.

सीपीआर_चौक

उद्यमनगरात इंजिनाचं काम बिघडलं तर ते दुरुस्तही उद्यमनगरातच होतं. बाकी जगात नवीन इंजिन घ्यावं लागतं :)

पुणे_टर्बो

माझा अनुभव कारचा, पेट्रोल टर्बोचा. आम्ही बूस्ट वाढवायचा म्हटलं की पहिलं काम हेड स्टड. सरळ एआरपी कंपनीचे स्टड मागवा, त्यांच्याच वंगणानं टॉर्क करा, विषय क्लोज. कारमधले मूळ हेड बोल्ट बहुतेक यील्डपर्यंत, म्हणजे कायमचे ताणले जायला लागेपर्यंत, ताणायचे असतात, आधी थोडा टॉर्क आणि मग ९० अंश, पुन्हा ९० अंश असं. ते एकदा काढले की पुन्हा वापरत नाहीत. त्यामुळे जुन्यावर विश्वास ठेवू नका.

डिझेल_काका

पुणेकर, त्या ट्रॅक्टरला तुमचा एआरपी मिळणार कुठं आणि आला तरी तोवर हंगाम संपेल. शिवाय ह्याच्याकडे यील्डचे बोल्ट नाहीत, स्टड-नट आहेत. वेगळी जात.

फडकरी, मला स्टडचं सोड. दोन गोष्टी सांग. एक, डिझेल पंपाचं सील आहे का तुटलंय? काळा धूर मारतो म्हणालास. दोन, रेडिएटर शेवटचा कधी काढून धुतला?

आधीच्याचं हेड गरम होऊन उतरलं म्हणतोस. स्टडमुळं गरम होत नसतं, गरम झाल्यावर स्टडवर येतं. उसाच्या फडात पाचट उडतं, ते जाळीतून आत जाऊन रेडिएटर आणि जाळीच्या मधे गादी करून बसतं. वरनं बघितलं तर रेडिएटर स्वच्छ. हात घालून ओढलं तर गोणीभर निघतं. त्यात वजनकाट्याच्या लायनीत तासन् तास इंजिन चालू ठेवायचं, मग एकदम भरली ट्रॉली घेऊन चढ. हेड वाकल्याशिवाय राहील का.

फडकरी_करवीर

काका, पंपाची सील-तार नाही. आधीच्यानं स्क्रू वाढवलाय हे नक्की, तेच तो विकताना अभिमानानं सांगत होता. रेडिएटर मी काढून कधी धुतला नाही, बाहेरून हवा मारतो.

लेथवाले दादा, सेंटरचा खड्डा आहे, सगळ्यांना. मार्किंग नाही. कानस लावून बघितली, ८.८ च्या बोल्टपेक्षा किंचित घट्ट वाटली, कमी तर नक्कीच नाही. सगळ्या स्टडना सारखीच लागली, फक्त एकाच्या टोकावर रंग होता म्हणून तो सोडला.

लेथवाला_उद्यमनगर

मग एमएस नाही. निदान झोपायला हरकत नाही.

क्यूसी_शिरोली

मी एमआयडीसीत क्वालिटीत आहे, रोज टॉर्क ऑडिट हेच काम. जरा आकडे मांडतो, म्हणजे चर्चा भावनेवरून खाली येईल.

बोअर १०० मिमी धरू. क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेमी. टर्बो डिझेलमध्ये पेटण्याच्या क्षणी १३० बार दाब धरला तर हेडला वर ढकलणारा जोर साधारण १० टन. एका सिलिंडरभोवती चार स्टड धरले तर प्रत्येकावर अडीच टन. १२ मिमीचा १०.९ ग्रेडचा स्टड त्याच्या प्रूफ लोडच्या (कायमचा न ताणता सोसतो त्या भाराच्या) पाऊण टक्क्यावर, म्हणजे ७५ टक्क्यांवर, आवळला तर तो सव्वापाच टनाच्या आसपास दाबून धरतो. म्हणजे दुप्पट. वरवर पाहता भरपूर वाटतं, पण त्यातला बराच दाब गॅस्केट चेपून ठेवायला आणि पाण्या-ऑइलच्या वाटा बंद ठेवायला लागतो. तोच स्टड ८.८ चा असेल तर त्याचं प्रूफ लोडच ५ टन. तिथं १०.९ चा टॉर्क दिला तर तो कायमचा ताणला जाणार.

टर्बोचा फरक कुठं पडतो तेही बघा. १७ कॉम्प्रेशनच्या साध्या इंजिनात डिझेल पेटायच्या आधीच दाब ४५ बारच्या आसपास जातो. १ बार बूस्ट दिला की तोच ९० च्या घरात. त्यावर पेटण्याचा दाब वेगळा. त्यात पंपाचा स्क्रू वाढवलेला. काका बरोबर बोट ठेवतायत.

आता मुख्य मुद्दा. स्टड कशाचा आहे याहून तो आत्ता किती ताणात आहे हे महत्त्वाचं. नीट आवळलेल्या जोडात सिलिंडरच्या प्रत्येक हिसक्याचा अगदी थोडा भाग स्टडपर्यंत पोचतो, बाकीचा हेड आणि ब्लॉकमधला दाब कमी-जास्त होण्यात जिरतो. ताण सुटला की मात्र प्रत्येक हिसका थेट स्टडवर. लेथवरचा कापलेला आटा तेव्हा तुटतो. म्हणून "लेथचे आहेत, काढा" हे मला पटत नाही, आणि "चालतंय, बघूच नका" हेही पटत नाही. ताण आहे का ते बघा.

पांढरा_रस्सा

ताण माझ्या डोक्याला आला. "पाऊण टक्का" की ७५ टक्के?

क्यूसी_शिरोली

पाऊणपट. धन्यवाद, चुकून टाइप झालं.

गडहिंग्लजकर

ताण बघायचा म्हणजे टॉर्क रेंच लावून कट्ट आवाज आला की बास ना?

क्यूसी_शिरोली

तिथंच सगळे फसतात. बसलेला नट हलवायला जो जोर लागतो तो गंज, रंग, जुनं ऑइल यांच्या घट्टपणाचा असतो. रेंच १० केजीला (म्हणजे केजी-मीटर टॉर्कला) सेट करून ओढला, कट्ट झालं, नट हलला नाही, याचा अर्थ एवढाच की नट चिकटलाय. आत ताण ६ केजीचा असू शकतो. टॉर्कमधला जेमतेम १० टक्के भाग स्टड ताणायला जातो, बाकी सगळा नटाच्या बैठकीत आणि आट्यात घासण्यात. म्हणून तर ऑइल लावून दिलेला टॉर्क आणि कोरड्या आट्यावर दिलेला टॉर्क यांची बरोबरी होत नाही. ऑइल लावून साडेनऊ केजीत जो सव्वापाच टन येतो, कोरड्यात तो ४ टनाच्या आसपास राहतो. रेंच तोच, आकडा तोच.

आम्ही कामावर असं करतो. इंजिन पूर्ण थंड, रात्रभर उभं असलेलं. पाणी हेडच्या पातळीखाली काढलेलं. स्क्रायबरनं एक सरळ रेघ मारायची: स्टडच्या टोकावरून, नटावरून, खाली हेडच्या कास्टिंगपर्यंत. तीनही ठिकाणी. मग नट अगदी थोडा सैल करायचा, पूर्ण फेरीचा आठवा भाग फार झाला. सैल करताना स्टड नटाबरोबर फिरतोय का ते टोकावरच्या रेघेवरून कळतं. फिरला तर तिथंच थांबायचं, पुढं जायचं नाही. नाही फिरला तर सावकाश एका दमात परत आवळत रेघ रेघेला मिळेपर्यंत आणायचं आणि त्या क्षणी काट्यावर किती आहे ते वाचायचं. त्यासाठी कट्ट आवाजाचा नको, काट्याचा किंवा डायलचा रेंच लागतो.

एका वेळी एकच नट. आणि सगळे नकोत. कोपऱ्यातले दोन, आणि तो ओलसर दिसतोय तो.

लेथवाला_उद्यमनगर

ह्याला माझा विरोध नोंदवून ठेवा. जुनं कॉम्पोझिट गॅस्केट दोन्ही बाजूला चिकटलेलं असतं. एकदा तिथला दाब सैल केला आणि परत दिला तर ते पूर्वीसारखं बसेलच याची खात्री काय? धातूच्या पत्र्यांचं गॅस्केट असतं तर वेगळी गोष्ट.

क्यूसी_शिरोली

खात्री नाहीच. म्हणून आठवा भाग फेरा, म्हणून शेजारचे सगळे आवळलेले, म्हणून थंड इंजिन. धोका शून्य नाही, पण हेड उतरवण्याच्या धोक्यापेक्षा कमी आहे असं माझं मत. न हात लावता ताण मोजायची अल्ट्रासोनिक पद्धत आहे, पण तिला आवळायच्या आधीची स्टडची लांबी लागते. ती इथं कुणाकडे आहे?

गडहिंग्लजकर

एकेक स्टड बदलायचं म्हणणाऱ्या मिस्त्रीबद्दल कुणीच बोललं नाही. आमच्या पाहुण्यांकडे असंच झालं. हेड जाग्यावर ठेवून एकेक स्टड काढायला घेतला. चौथा की पाचवा स्टड ब्लॉकच्या तोंडाशी मोडला. वर हेड असल्यामुळं खाली काही करता येईना. शेवटी हेड उतरवलंच. मोडक्या स्टडवर नट वेल्ड करून फिरवायचा प्रयत्न केला, तोही निसटला, मग ड्रिल करून आटे पाडून हेलिकॉइल (भोकात बसवायची आट्यांची तारेची गुंडाळी). हंगामाच्या मध्यावर.

डिझेल_काका

एकेक बदलायला माझाही नकार. स्टड पाण्याच्या वाटेत उतरलेला असेल तर काढल्या काढल्या भोकात पाणी येतं. ते आट्यात राहिलं आणि वरून नवा स्टड आवळला तर पाणी दबत नाही, ब्लॉक फुटतो. भोक आरपार असेल तर आट्याला सीलंट लागतं, ते न लावता घातला तर स्टडवरनं पाणी चढतं आणि लोक म्हणतात गॅस्केट गेलं. हेड उतरवल्याशिवाय ब्लॉकचे आटे साफ करता येत नाहीत, आणि आटे साफ केल्याशिवाय नवा स्टड घालणं म्हणजे नवा जावई जुन्या भांडणात नेऊन बसवणं.

सीपीआर_चौक

काका, हे वाक्य माझ्या बायकोला वाचून दाखवलं. आता माझा टॉर्क तपासला जातोय.

पुणे_टर्बो

मान्य, ट्रॅक्टरचं गणित वेगळं. पण गॅस्केट जातंय का हे स्टडला हात न लावताही बघता येतं ना? थंड इंजिन चालू करून रेडिएटरचं झाकण उघडं ठेवा, बुडबुडे येतात का बघा. वरचा होज थंड इंजिनात एक-दोन मिनिटांतच कडक होत असेल तर सिलिंडरचा दाब पाण्यात जातोय. ब्लॉक टेस्टरचं निळं लिक्विड मिळतं, धुराचा वायू लागला की त्याचा रंग बदलतो. कारला आम्ही बूस्टवर टेस्ट करतो, कारण रिकाम्या इंजिनात हेड उचललं जात नाही, लोडवर जातं.

डिझेल_काका

हे मात्र लाख मोलाचं बोललात. लोडवर बघ. ट्रॉल्या लावून चढ घे आणि वर पोचल्यावर पाणी टाकीत किती ढकललंय ते बघ. आणि वर पोचल्या पोचल्या इंजिन बंद करू नको, दोन मिनिटं हळू चालू दे, टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल करपतं.

फडकरी_करवीर

अपडेट.

बुडबुडे नाहीत. होज कडक होत नाही. दोन्ही ट्रॉल्यांत वाळू भरून चढावर नेलं, पाण्याची पातळी होती तिथंच. ओलसर नट पुसून कोरडा केला, वरून टाल्कम पावडर मारली आणि दिवसभर रोटाव्हेटर मारला. ऑइलचा डाग वरून खाली आलेला दिसला, म्हणजे झाकणाच्या पॅकिंगमधलं ऑइल. हेडच्या खालून काही नाही.

क्यूसी दादांनी सांगितलेली रेघेची पद्धत पण केली. आबा म्हशी सोडायला गेल्यावर केली. डायलचा रेंच मित्राच्या वर्कशॉपमधून आणला. सर्व्हिस सेंटरच्या माणसानं मूळ टॉर्क १० केजीच्या आसपास सांगितला होता. एक कोपरा साडेनऊ, दुसरा नऊ. तो ओलसर नट, टर्बोच्या बाजूचा, सहा. स्टड एकाही ठिकाणी फिरला नाही.

मग डोकं फिरलं. सहा का?

क्यूसी_शिरोली

त्या नटाखालचा वॉशर बघ. बाकीच्या नटांखाली काय आहे आणि याच्याखाली काय आहे?

फडकरी_करवीर

दादा, कसं ओळखलंत? बाकीच्यांखाली जाड, काळपट, चपटे वॉशर आहेत. याच्याखाली पातळ, पांढरा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तसला. आणि तो नटाखाली बशीसारखा खोल गेलाय, कडेनं वर उचललेला दिसतो.

लेथवाला_उद्यमनगर

घ्या. कुणीतरी एक वॉशर हरवला आणि खिशातला घातला. एमएसचा मऊ वॉशर नटाखाली हळूहळू चेपत जातो, तेवढा स्टड सैल होतो. टर्बोच्या बाजूला उष्णता जास्त, म्हणून तिथं आणखी लवकर. स्टडचा काय दोष.

पांढरा_रस्सा

म्हणजे एवढ्या चर्चेचं मूळ दोन रुपयांचा वॉशर?

क्यूसी_शिरोली

घाई नको. सहा हा आकडा दोन कारणांनी येऊ शकतो. एक वॉशर. दुसरं, स्टड ताणला गेलाय किंवा ब्लॉकमधले आटे वर ओढले जातायत. वॉशर दिसला म्हणून दुसरं कारण खोटं ठरत नाही.

असं कर. इंजिन थंड, पाणी खाली. तेवढा एकच नट पूर्ण काढ. बैठक पुसून घे, हार्डन केलेला जाड वॉशर घाल, आट्यांना आणि नटाच्या बुडाला इंजिन ऑइलचा थेंब. आधी ५, मग ७, मग ९. दहाला नेऊ नको, स्टड कशाचा आहे हे आपण कानशीवरून ठरवलंय. आवळताना लक्ष हातावर ठेव: जोर वाढत जायला पाहिजे. नट फिरतोय पण काटा चढत नाही असं झालं तर स्टड किंवा आटे गेलेत. मग फिटर म्हणतो ते खरं, हेड उतरवायचं.

नऊला नीट बसला तर नवी रेघ मार आणि हंगामाआधी जेवढं मशागतीचं काम मिळेल तेवढं कर. मग परत मोज. साडेआठ-नऊ राहिला तर वॉशरच कारण होतं. पुन्हा सहा-सातला उतरला तर हंगाम असो नसो, उघडावं लागेल. रस्त्यात उघडण्यापेक्षा दारात उघडलेलं बरं.

आणि टॅपेट परत बघून घे. नट आवळल्यावर त्यात फरक पडू शकतो.

लेथवाला_उद्यमनगर

क्यूसींशी सहमत, एक दुरुस्ती. कोपऱ्यातले दोन तपासलेत, मधले नाहीत. मधल्यांवर दोन सिलिंडर असतात. पण मी ते आता तपासा म्हणणार नाही. वॉशर तेवढे सगळ्यांचे डोळ्यांनी बघ, दुसरा पातळ कुठं आहे का.

फिटर_राधानगरी_रोड

नमस्कार. मी त्या फिटरच्या बाजूनं बोलतो, कारण त्याला इथं कुणीच विचारलं नाही. उद्या हंगामात हेड उडालं तर शिव्या फिटरला. "तुला दिसत होतं ना लेथचे स्टड आहेत, मग का सांगितलं नाहीस?" म्हणून आम्ही उघडा म्हणतो. त्यात आमची मजुरी आहे हे खरं, पण नुसती मजुरी नाही. हेड उतरवलं की सरळपट्टी आणि फिलर गेज लावून वाक बघता येतो. ०.०५ किंवा ०.१० मिमीच्या पुढं गेला तर उद्यमनगरात सरफेस ग्राइंडिंग. हे वरनं कुठल्याही रेघेनं दिसणार नाही. आधी एकदा गरम झालेलं हेड आहे, विसरू नका.

डिझेल_काका

फिटर बाबा, तुमचं खरं आहे. पण गरम झाल्यावर हेड उतरलं तेव्हा घासून घेतलं असणार, आणि त्यावर एक हंगाम झालाय. वाकलेलं हेड दोन ट्रॉल्या ओढून पाणी न ढकलता राहत नाही. मला भीती पंपाची वाटते. फडकरी, स्टडवर जेवढा वेळ घालवलास त्याच्या निम्मा पंपावर घाल. पंप काढून कॅलिब्रेशनला दे, मूळ सेटिंगला आण. ओढ थोडी कमी होईल, सवय लागेल.

फडकरी_करवीर

काका, पंप दिला. रेडिएटर काढला. जाळी आणि रेडिएटरच्या मधून पाचटाची गादी निघाली, अक्षरशः उशीएवढी, आणि तिच्यात उंदराचं घर. आबांनी ते बघितलं आणि पहिल्यांदाच म्हणाले की बरं झालं उघडलं.

वॉशर बदलला. बाकी सगळे जाड आहेत, डोळ्यांनी बघितले. काटा ५ ते ९ सरळ चढत गेला, कुठं अडखळला नाही. त्यानंतर नांगरट, रोटाव्हेटर आणि शेजाऱ्याची मातीची वाहतूक केली. परत मोजला: पावणेनऊ. रेघ जिथल्या तिथं. टॅपेट एक ढिलं निघालं, केलं.

पंपाचा माणूस म्हणाला डिझेल बरंच जास्त सोडत होता. आता धूर जवळजवळ नाही. चढावर एक गिअर खाली घ्यावा लागतो, त्यावरून आबांची बडबड चालू आहे. "पहिला कसा ओढत होता!"

ठरलं असं: या हंगामात हेडला हात नाही. रोज सकाळी झाकण उघडून पाणी आणि बुडबुडे, दर रविवारी रेघ, रेडिएटरची जाळी रोज संध्याकाळी. कारखाना बंद झाला की पाडव्याच्या आसपास हेड उतरवायचं, सगळे स्टड-वॉशर नवीन. फिटरलाच काम देणार, त्यालाही सांगितलंय.

फिटर_राधानगरी_रोड

चालतंय. फक्त होज कडक लागला तर "आजची एक खेप होऊ दे" म्हणायचं नाही. तिथंच उभा करायचा.

गडहिंग्लजकर

हा धागा वर पिन करा राव.

पुणे_टर्बो

उत्सुकता म्हणून विचारतो, पाडव्याला उघडल्यावर जुन्या स्टडचं काय करणार? एखादा कापून हार्डनेस बघायला मिळाला तर इथं टाका.

लेथवाला_उद्यमनगर

तो वॉशरवाला स्टड माझ्याकडे पाठव, मी कापून शिरोलीला क्यूसींकडे देतो. आणि फडकरी, पाडव्याची वाट बघू नको. स्टडची एकूण लांबी, दोन्ही बाजूंच्या आट्यांची लांबी आणि पिच आत्ताच लिहून दे. वरचं बाहेर दिसतंय तेवढं मोज, बाकीचं पार्ट्स कॅटलॉगमधून काढ. ईएन २४ चा बार कापून ठेवतो. मार्चमध्ये सगळ्यांचेच ट्रॅक्टर उघडतात आणि हीट ट्रीटमेंटवाल्याकडे नंबर लागत नाही. आटे मी रोलिंगवाल्याकडून करून घेईन, लेथवर नाही.

फडकरी_करवीर

पिच १.७५ आहे. लांबी उद्या सकाळी टाकतो, आत्ता पहिली खेप भरायला चाललोय.